वाशी (जपानी हातकागद)

झुडपांच्या अंतर्सालीतील लांब तंतूंपासून जपानमध्ये हाताने बनविण्यात येणारा कागद. ‘वा’ म्हणजे जपानी व ‘शी’ म्हणजे कागद. नवी मुंबईतील वाशीशी त्याचा नामसाम्यापलीकडे संबंध नाही. कागदाच्या मानाने हे नाव अलीकडचे आहे. मेइजी काळात (१८६८–१९१२) पाश्चात्त्य पद्धतीचा यंत्रकागद आला, त्याला ‘योशी’ म्हणू लागले आणि मग देशी कागदाला वेगळे नाव द्यावे लागले. त्याला ‘तांदळाचा कागद’ म्हणण्याची चाल मात्र चुकीची आहे. तांदळापासून तो बनत नाही.

जपानमध्ये कागद केव्हा आला, यावर एकमत नाही. प्रचलित समजुतीनुसार कोरियातील गोगुर्यो राज्यातून ६१० मध्ये आलेल्या दोन्चो या बौद्ध भिक्षूने ही विद्या आणली. याला आधार ‘निहोन शोकी’ या बखरवजा ग्रंथातील एका नोंदीचा आहे. हा ग्रंथ ७२० मध्ये, म्हणजे घटनेनंतर शतकाहून अधिक काळाने पुरा झाला. शिवाय कागदाबाबत, दोन्चोला रंग, कागद व शाई बनविता येत असे, एवढेच तेथे म्हटले आहे. ‘याची सुरुवात बहुधा तेव्हापासून’ असे विधान आहे ते त्याने बनविलेल्या पाणचक्कीबद्दल, कागदाबद्दल नाही. त्यामुळे कागद त्यापूर्वीच, बहुधा कोरियातून आलेल्या वसाहतकऱ्यांबरोबर, जपानात पोहोचला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नारा येथील शोसोइन भांडारात ७०२ सालची कुटुंबनोंदणीपत्रके आहेत. ती मिनो, चिकुझेन व बुझेन या प्रांतांतील असून जपानमध्ये बनलेल्या कागदाचे सर्वांत जुने कालनिश्चित नमुने मानली जातात. पैकी मिनो मध्य जपानात, तर इतर दोन दूर क्यूशू बेटावर. इतक्या अंतरावरच्या प्रांतांत कागद बनू लागला होता, म्हणजे तोवर ही कला बरीच पसरलेली असली पाहिजे.

कच्चा माल मुख्यतः तीन झुडपांचा : कोझो (कागदी तुतीच्या वर्गातील), मित्सुमाता व गाम्पी. कोझोचा तंतू सर्वांत लांब व चिवट. मित्सुमाताचा मऊ असून जपानी नोटांच्या कागदात तो वापरतात. गाम्पीची लागवड अवघड असल्याने ती रानातून आणावी लागते.

वाशीचे खरे मर्म ‘नेरी’ या बुळबुळीत द्रवात आहे. तो तोरोरो-आओइ या वनस्पतीच्या मुळ्या ठेचून काढतात. ही भेंडीच्याच प्रजातीतील असल्याने, भेंडी चिरताना बोटांना लागणारा बुळबुळीतपणा आठवला की नेरीची कल्पना येते. नेरीला डिंक समजणे बरोबर नाही. तिच्यामुळे पाणी दाटते, तंतू एकमेकांत न गुंतता तरंगत राहतात व पाणी चटईतून सावकाश निथळते. कारागीर बांबूच्या बारीक काड्यांची चटई बसविलेली चौकट हौदात बुडवून लगदा घेतो, हलवतो, उरलेले पाणी झटक्यात फेकून देतो आणि पुन्हा बुडवतो. असे थरावर थर चढतात. याला ‘नागाशीझुकी’ म्हणतात. ओले ताव मध्ये कापड न घालता एकावर एक रचले, दाबले, तरी नंतर एकेक सुटून येतात. हीही नेरीचीच करामत. ही पद्धत नवव्या शतकाच्या सुमारास क्योतो येथील सरकारी कागदशाळेत रूढ झाली असावी. गाम्पीच्या सालीतच चिकट द्रव्य असल्याने ती कोझोत मिसळताना ही युक्ती सुचली, असे काही अभ्यासक मानतात. चीनमध्येही असे द्रव वापरात होते, याकडे इतर बोट दाखवतात.

उन्हाळ्यात नेरी लवकर पातळ होते, म्हणून उत्तम कागद हिवाळ्याचा. पाने गळाल्यावर कोझोच्या फांद्या तोडून वाफवतात व गरम असतानाच साल सोलतात. काळे पापुद्रे खरवडल्यावर साल वाहत्या पाण्यात ठेवून उजळवतात, अल्कलीयुक्त पाण्यात उकळतात. मग थंड पाण्यात हात घालून सालीचा ठिपकान्‌ठिपका वेचायचा. पाहुण्यांना पोस्टकार्डाएवढा ताव काढायला देणाऱ्या केंद्रांत ही वेचणी सहसा वगळलेली असते; वाशी समजून घ्यायची तर तीच पाहावी.

फुकुई प्रांतातील एचिझेन येथे कागददेवतेचे देऊळ आहे. येथे भातशेतीला जमीन थोडी, पण पाणी निर्मळ, असे पाहून एका स्त्रीने गावकऱ्यांना कागद शिकविला. नाव विचारताच ‘मी नदीच्या वरच्या अंगाला राहते’ एवढेच ती म्हणाली, अशी कथा आहे. तीवरून ती ‘कावाकामी गोझेन’ झाली. कथेतला काळ दीड हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे दोन्चोच्याही आधीचा आहे. इतिहास म्हणून तो धरता येत नाही. गिफू प्रांतातील मिनो शहरात कागदव्यापाऱ्यांची जुनी घरे टिकून आहेत. शेजारच्या घराची आग रोखण्यासाठी त्यांच्या छपरांवर ‘उदात्सु’ नावाच्या भिंती उभारलेल्या दिसतात. त्या खर्चिक असत. आयुष्यात वर न येणाऱ्याचा ‘उदात्सु चढत नाही’ असे जपानीत म्हणतात, ते यावरूनच आले असे सांगतात.

१९०१ मध्ये कागद बनविणारी सुमारे ६८,००० घरे होती. आता ती तीनशेच्याही आत आहेत. सेकिशू (शिमाने), मिनो व होसोकावा (साइतामा) या कागदांच्या कलेचा २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत समावेश झाला. कोची प्रांतातील तोसा तेन्गुजो हा ०·०३ मिमी. जाडीचा कागद जुन्या हस्तलिखितांच्या डागडुजीसाठी परदेशांतील ग्रंथालयेही मागवतात.