कट्ट्यांवरचा साहेब कोणत्या सालचा?

विजयदुर्ग किल्ल्यात ‘साहेबाचे कट्टे’ दाखवताना सांगतात, की 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने इथूनच सूर्य न्याहाळला आणि हेलियम सापडला. आम्ही देवगडकडची माणसं हे शाळेपासून ऐकत आलो. साहेबाने स्वतः काय लिहून ठेवलंय ते बघावं म्हणून एका पावसाळी दुपारी, वीज होती तोवर, जुन्या पुस्तकांच्या स्कॅन प्रतींचं संकेतस्थळ, इंटरनेट अर्काइव्ह, उघडलं. किल्ल्याचं आजचं इंग्रजी स्पेलिंग टाकलं. कामाचं काही मिळेना.

मिळणार कसं? तेव्हा गावांची नावं साहेबाच्या कानाला जशी लागत तशी छापली जात. वेंगुर्ला ‘विंगोर्ला’, सुवर्णदुर्ग तर चक्क ‘सेव्हर्नड्रूग’! आपला विजयदुर्ग तिथे ‘विझियाद्रुग’ म्हणून बसलाय. आणखी एक भानगड असते. स्कॅन केलेलं पान म्हणजे नुसता फोटो. त्यातली अक्षरं ओळखून संगणक वेगळा मजकूर तयार करतो आणि शोध त्या मजकुरात चालतो. ओळ संपताना छापखान्याने शब्द तोडला, ‘विझिया’ वर आणि ‘द्रुग’ खाली, की पूर्ण नाव टाकून हाती काहीच लागत नाही. मग अर्धंच टाकून बघायचं. शोधही पुस्तकांच्या नावांत न करता आतल्या मजकुरात करायचा. हा पर्याय वेगळा निवडावा लागतो, आणि तिथेच बरेच जण फसतात.

तसं केलं आणि लॉकियर सापडला. फक्त तीस वर्षं उशिरा! रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मधला त्याचा लांबलचक अहवाल 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाचा आहे. मदतीला ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी.

मग 1868 मध्ये तो कुठे होता? इंग्लंडात. सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज’च्या सतराव्या खंडात त्याचं 20 ऑक्टोबर 1868 चं छोटं टिपण आहे. ग्रहण नसतानाच त्याने सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे प्रकाश फाकवून मिळणारा रंगांचा पट्टा, पाहिला होता, आणि त्यातली एक रेषा सोडियमच्या पिवळ्या ‘डी’ रेषेजवळ, पण तिच्यावर नाही. ती हेलियमची. ऑगस्टचं ग्रहण गुंटूरहून पाहिलं ते फ्रान्सच्या जानसेनने.

मला तरी कट्ट्यांवरचा साहेब 1898 चाच वाटतो.

त्या वेळी भिंगापुढे लोलक बसवलेले कॅमेरे आणले होते. एरवी वर्णपट घेताना प्रकाश अरुंद फटीतून आत सोडतात, पण त्यांना फट नसते. चंद्राने सूर्य झाकला की उरलेली सूर्याची बारीक कोरच फटीचं काम करते, आणि वर्णपटातली प्रत्येक रेषा छोट्या कमानीसारखी उमटते. सगळा खेळ दोनेक मिनिटांचा. एव्हाना रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाने 1895 मध्ये हेलियम पृथ्वीवर, खनिजातून मिळवला होता, त्यामुळे ताडून बघायला नमुना हाताशी होता. अहवालाच्या शेवटी रेषांचे तक्ते आहेत, आकड्यांची नुसती रांग. स्कॅन मोठं करून बोट फिरवत गेलं, की त्या रांगेत हेलियमही भेटतो.