चुंबकाला चिकटलेली केबल

सोसायटीच्या सभेत नव्या सीसीटीव्हीचं कोटेशन आलं. कॅमेऱ्यांपेक्षा मोठा आकडा होता ‘जुनी केबल काढून कॅट-सिक्स टाकणे’ या ओळीपुढे. कॅट-सिक्स ही कॉम्प्युटर नेटवर्कची केबल; ती टाकायची म्हणजे डक्ट उघडा, लॉबीला पुन्हा रंग द्या. कारण विचारलं तर उत्तर आलं, ‘ही ॲनालॉगची वायर आहे, हिच्यावर आयपी कॅमेरा चालत नाही.’ आयपी कॅमेरा म्हणजे नेटवर्कवरून डिजिटल चित्र पाठवणारा.

केबलला जात नसते. मधोमध एक तार, भोवती इन्सुलेशन, त्यावर जाळी, ही कोॲक्सिअल केबल. ऑलिव्हर हेविसाइड यांनी 1880 साली तिचं पेटंट घेतलं, तेव्हा टीव्हीचाही पत्ता नव्हता. खरी अडचण वेगळी आहे. आयपी कॅमेऱ्याच्या नेहमीच्या इथरनेट नेटवर्कला डेटाच्या जाण्यायेण्यासाठी तारांच्या वेगवेगळ्या जोड्या लागतात आणि इथे वाट एकच. म्हणून दोन्ही टोकांना एकेक कन्व्हर्टर बसवतात. त्यातला होमप्लग एव्ही (मुळात घरच्या विजेच्या तारांवरून डेटा नेणाऱ्या) पद्धतीचा डबा डेटा 2 ते 28 मेगाहर्ट्‌झमधल्या नऊशेहून जास्त वाहक लहरींवर वाटून पाठवतो, आणि दोन्ही टोकं आळीपाळीने बोलतात. इथरनेटची 100 मीटरची मर्यादाही सुटते. आमचं गेट तर 180 मीटरवर.

वीजही त्याच तारेतून जाते. गच्चीवरची डिश आठवा. सेट-टॉप बॉक्स त्याच केबलमधून वर 13 किंवा 18 व्होल्ट पाठवतो आणि तिच्यातूनच चॅनेल खाली येतात. कपॅसिटर डीसीला (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेला) अडवतो, कॉइल उच्च वारंवारतेला अडवते, त्यामुळे टोकाला वीज आणि डेटा वेगळे होतात.

इथवर सोपं होतं. वायरमनने गेटच्या केबलचं टोक सोललं, मधली तार तांब्यासारखी लालसर चमकली. मी घरून फ्रिजवरचं चुंबक आणलं आणि तिला लावलं. चटकन चिकटलं. आत पोलाद, वर तांब्याचा केसाहूनही पातळ थर.

ही फसवणूक नाही, भौतिकशास्त्र आहे. बदलता प्रवाह तारेच्या आतही बदलतं चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, आणि लेन्झच्या नियमानुसार त्यातून उपजणारा विद्युतदाब प्रवाहातल्या बदलाला विरोध करतो. हा विरोध मध्यभागी सर्वांत जास्त, म्हणून प्रवाह कडेला ढकलला जातो. तांब्यात 50 हर्ट्‌झला तो सुमारे 9 मिलिमीटर खोल शिरतो, 10 मेगाहर्ट्‌झला फक्त 0.02 मिलिमीटर. डेटा तांब्याच्या सालीवरूनच धावतो, गाभा पोलादाचा आहे हे त्याला कळतही नाही. डीसीला मात्र कळतं. तो सगळ्या जाडीतून वाहतो आणि अशा तारेचा रोध शुद्ध तांब्याच्या जवळपास पाचपट असतो. म्हणजे चित्रासाठी उत्तम असलेली केबल विजेसाठी सुमार ठरू शकते.

आता हिशोब. आमच्या 180 मीटरला जाळीसकट रोध धरला 23 ओहम, कॅमेरा आणि डबा मिळून 8 वॉट. 12 व्होल्टने वीज द्यायची तर 0.67 अँपिअर लागेल आणि वाटेतच 15 व्होल्ट पडतील. 12 मधून 15 कसे वजा करणार? 48 व्होल्टने तेवढ्याच वॉटला 0.17 अँपिअर पुरतो, पडतात चारेक व्होल्ट. पॉवर ओव्हर इथरनेटच्या, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याच्या, 2003 च्या मानकात 44 ते 57 व्होल्ट का ठेवले, ते इथे कळतं.

विक्रेत्याने जाताजाता केबलच्या टोकाला सोन्याचा मुलामा दिलेले बीएनसी कनेक्टर सुचवले, ‘पिक्चर एकदम क्लिअर येतं’ म्हणून. डिजिटल डेटा एकतर नीट पोचतो किंवा अडखळतो, सोन्याने चेहरे उजळत नाहीत. त्यापेक्षा रेकॉर्डिंग करणाऱ्या जुन्या डीव्हीआरवर वॉचमनने टांगलेली लिंबू-मिरची स्वस्त, परिणाम तोच.

गेटचा कॅमेरा 48 व्होल्टवर लागला. पार्किंगची केबल मात्र चुंबकाला चिकटली नाही, तरी तिथे काही चालेना. जिन्याखालच्या जोडाची जाळी गंजून हिरवी पडली होती. तो जोड कापून नवा बीएनसी लावला, साधाच.