बायोमेडिकल अभियांत्रिकी : पदवी शिक्षण आणि व्यवसाय

रोगनिदान, उपचार आणि रुग्णाची देखरेख यांसाठी लागणारी उपकरणे घडवणे, तपासणे आणि चालती ठेवणे शिकवणारी अभियांत्रिकीची शाखा. मराठीत तिला जैववैद्यकीय अभियांत्रिकी म्हणतात. रुग्णालयात आणि महाविद्यालयात मात्र सगळे नुसते ‘बायोमेडिकल’ म्हणतात. जैवतंत्रज्ञानाशी तिची गल्लत नेहमी होते. वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणून इकडे वळणाऱ्यांनी आधीच समजून घ्यावे की ही मुळात इलेक्ट्रॉनिक्स आणि इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी आहे. फरक इतकाच, की इथल्या सर्किटच्या एका टोकाला माणूस जोडलेला असतो.

अभ्यासक्रम चार वर्षांचा, आठ सत्रांचा. महाराष्ट्रात प्रवेश बारावीच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटावर, एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांनुसार कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्यांतून होतो. पदविकाधारकांना थेट दुसऱ्या वर्षात येता येते. मुंबई विद्यापीठाचा या शाखेचा अभ्यासक्रम जुना आहे. पहिले वर्ष इतर शाखांसारखेच. त्यानंतर शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र, ॲनालॉग आणि डिजिटल सर्किट्स, सेन्सर, सिग्नल प्रोसेसिंग, मायक्रोकंट्रोलर, जैवयांत्रिकी, रोपणासाठीचे पदार्थ, एक्स-रे, सीटी, एमआरआय आणि अल्ट्रासाउंड, अतिदक्षता विभागातली यंत्रे, रुग्णालय व्यवस्थापन असे विषय येतात. शरीरशास्त्र पाठांतराने निघते. ॲनालॉग सर्किट्स तशी निघत नाहीत, आणि तिसऱ्या वर्षापासून जो अडतो तो बहुधा तिथेच अडतो.

ईसीजीचा ॲम्प्लिफायर हे त्याचे उत्तम उदाहरण. हृदयाचा त्वचेवर मिळणारा सिग्नल साधारण १ मिलिव्होल्टचा. पण इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यामध्ये जे स्थिर व्होल्टेज तयार होते ते ३०० मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकते. विद्यार्थी हौसेने एडी ६२० या ॲम्प्लिफायर आयसीचा गेन (सिग्नल किती पट वाढवायचा तो आकडा) पहिल्याच टप्प्यात १०० ठेवतो. ३०० मिलिव्होल्टचे ३० व्होल्ट व्हायला निघतात, पुरवठा असतो ९ व्होल्टच्या बॅटरीचा, आणि ऑसिलोस्कोपवर सरळ रेघ दिसते. म्हणून पहिला टप्पा १० च्या आसपास ठेवायचा, पुढे स्थिर व्होल्टेज अडवणारा ०.०५ हर्ट्झचा हाय-पास फिल्टर लावायचा (१ मायक्रोफॅरड आणि ३.३ मेगाओहम चालतात), आणि उरलेला १०० चा गेन त्यानंतर द्यायचा. मग दिसते घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झची झालर. ती घालवायला सगळे आधी नॉच फिल्टरकडे, म्हणजे तेवढीच एक वारंवारता कापणाऱ्या सर्किटकडे धावतात. खरे उपाय म्हणजे इलेक्ट्रोडखालची त्वचा नीट पुसणे, तारा एकमेकींना पीळ देऊन ठेवणे आणि उजव्या पायाचा इलेक्ट्रोड उलट्या कॉमन-मोड सिग्नलने (सगळ्या इलेक्ट्रोडांवर सारखाच येणारा सिग्नल उलटा करून) चालवणे. हाय-पास ०.५ हर्ट्झवर नेला की रेघ छान स्थिर होते, पण ईसीजीतला एसटी भाग (ठोक्याच्या उंच टोकानंतरचा तुकडा) वाकडा होऊ शकतो, आणि हृदयविकाराचा झटका डॉक्टर त्याच भागात शोधत असतात. मॉनिटरवरची रेघ आणि निदानाचा ईसीजी यांत फरक का करतात ते इथे कळते. माणसाला जोडलेले प्रयोगाचे सर्किट बॅटरीवरच चालवावे. चार्जरला लावलेला लॅपटॉप त्याला जोडू नये.

रुग्णालयातले प्रशिक्षण बरेच जण प्रमाणपत्रापुरते करतात. हे मोठे नुकसान आहे, कारण दोष यंत्रात आहे, जोडणीत आहे, वापरात आहे की रुग्णात, हे ओळखायची सवय वर्गात लागत नाही. ‘सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण) येत नाही’ ही रोजची तक्रार घ्या. ते मोजणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरच्या प्रोबमध्ये, म्हणजे बोटाला लावायच्या चिमट्यात, ६६० आणि ९४० नॅनोमीटरच्या आसपासचे दोन प्रकाश बोटातून आरपार जातात. अनुभवी इंजिनिअर प्रोब आधी स्वतःच्या बोटाला लावतो. आकडा आला तर यंत्र ठीक. मग रुग्णाचा हात गार आहे का, नखाला पॉलिश किंवा बोटाला गडद मेंदी आहे का, त्याच दंडावर बीपीचा कफ फुगतोय का, हे पाहायचे. आकडा आला नाही तर दुसरा प्रोब लावून बघायचा. तार बहुधा कनेक्टरजवळ किंवा बोटाच्या टोकाशी तुटलेली असते. बोर्ड उघडायची वेळ क्वचितच येते. सिरिंज पंपाचेही तसेच. पंपाला कळते ते फक्त दट्ट्या किती सरकला एवढेच. आत एका कंपनीची ५० मिलिलिटरची सिरिंज आणि मेनूत दुसरीचे नाव असेल तर व्यास बदलतो, आणि पंप निर्दोष असूनही औषधाची मात्रा चुकते.

विद्युत सुरक्षेची चाचणी ही या व्यवसायाची खरी ओळख. सामान्य स्थितीत रुग्णाकडे जाणाऱ्या गळती प्रवाहाची मर्यादा रुग्णाच्या शरीराला लागणाऱ्या बीएफ प्रकारच्या भागांना १०० मायक्रोॲम्पिअर, तर हृदयाशी थेट संबंध येणाऱ्या सीएफ भागांना १० मायक्रोॲम्पिअर आहे. त्वचेवर जाणवणारही नाही इतका प्रवाह कॅथेटरमधून थेट हृदयात गेला तर त्याचा ठोका बिघडवू शकतो, म्हणून ही दहापट कडक अट. चाचणीत सर्वाधिक सापडणारा दोष मात्र साधा असतो: मोडलेली अर्थिंगची पिन, किंवा एका एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेला दुसरा बोर्ड. हृदयाला विजेचा झटका देणारा डिफिब्रिलेटर रुग्णाऐवजी ५० ओहमच्या लोडवर तपासतात. २०० जूल निवडल्यावर १७० ते २३० जूल मिळायला हवेत. तो मुख्य पुरवठ्यावर आणि नुसत्या बॅटरीवर असा दोन्ही प्रकारे तपासावा. कोपऱ्यात महिनोन्महिने पडून राहिलेल्या यंत्राची बॅटरीच आधी दगा देते.

पदवीनंतरचे पहिले मोठे क्षेत्र रुग्णालयाचा बायोमेडिकल विभाग. यंत्राची नोंद करून त्याला क्रमांक देणे, खरेदीच्या अटी लिहिणे, बसवून घेणे, ठरलेल्या वेळी देखभाल व कॅलिब्रेशन करणे, आणि देखभालीच्या वार्षिक करारांपैकी एएमसी घ्यायची की सीएमसी हे ठरवणे ही इथली कामे. एएमसीत साधारणपणे फक्त मजुरी, सीएमसीत सुटे भागही येतात. पण प्रोब, बॅटरी, एक्स-रे ट्यूब वगळल्या आहेत का, हे करारातल्या बारीक अक्षरांत वाचावे लागते. सरकारी रुग्णालयांसाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानात उपकरण देखभालीचा कार्यक्रम असून यंत्रे चालू राहण्याचे प्रमाण जिल्हा रुग्णालयात ९५, सामुदायिक आरोग्य केंद्रात ९० आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के असावे, अशी त्यात अपेक्षा आहे.

दुसरे क्षेत्र कंपन्यांचे. सर्व्हिस इंजिनिअर फिरतीवर असतो आणि रात्री-अपरात्रीचे कॉल घेतो. ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट डॉक्टरांना व तंत्रज्ञांना यंत्र वापरायला शिकवतो. सुरुवातीची दोन-तीन वर्षे सर्व्हिसमध्ये काढलेला माणूस पुढे डिझाइन, गुणवत्ता वा विक्री कुठेही वरचढ ठरतो, कारण यंत्र कुठे आणि का बिघडते हे त्याने हाताने पाहिलेले असते. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि उपकरणांचे धोक्यानुसार ए ते डी असे वर्ग पडले. ए व बी वर्गांना ऑक्टोबर २०२२ पासून, सी व डी वर्गांना ऑक्टोबर २०२३ पासून परवाना बंधनकारक झाला. त्यामुळे आयएसओ १३४८५ ची गुणवत्ता व्यवस्था, आयएसओ १४९७१ प्रमाणे धोक्यांचे विश्लेषण आणि परवान्याची कागदपत्रे जाणणाऱ्यांची गरज वाढली. हे काम कंटाळवाणे समजून मुले टाळतात. वास्तविक यंत्र कशाकशाने इजा करू शकेल याचा सर्वांत खोल विचार याच टेबलावर होतो.

संशोधनाला लागणारा धीर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेच्या कृत्रिम हृदयझडपेवरून कळतो. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली आधीच्या रचना बाद होत होत चौथी टिकली, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. तिची हलणारी चकती साध्या दिसणाऱ्या, पण अतिशय चिवट पॉलिएथिलीनची आहे. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईच्या बेटिक या वैद्यकीय उपकरणांच्या केंद्रात डॉक्टर आणि अभियंते एकत्र बसून उपकरणे घडवतात. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. सर्किट्स पक्की असणारे अजूनही इन्स्ट्रुमेंटेशनचा पेपर निवडतात, तो जास्त ठिकाणी चालतो.

एक अडचण पदवी हातात आल्यावरच समोर येते. अनेक सरकारी जाहिरातींत पात्रता म्हणून ‘इलेक्ट्रॉनिक्स’ किंवा ‘इन्स्ट्रुमेंटेशन’ एवढेच छापलेले असते आणि बायोमेडिकलचा अर्ज छाननीतच बाजूला पडतो. ‘किंवा समकक्ष’ असे शब्द असतील तर आठही सत्रांच्या गुणपत्रिका आणि विद्यापीठाचा अधिकृत अभ्यासक्रम जोडून, इलेक्ट्रॉनिक्सचे विषय अधोरेखित करून अर्ज करावा, आणि शंका मुदतीआधीच लेखी विचारावी. अभ्यासक्रमाची सही-शिक्क्याची प्रत महाविद्यालयातून बाहेर पडण्यापूर्वीच घेऊन ठेवावी. पुढे अभ्यासक्रम बदलला की जुनी प्रत मिळवणे जिकिरीचे होते.