मीटर शून्य दाखवतो, मग फिश टँकच्या काचेवर तपकिरी थर का?

दोन ग्लास, त्यांत बुडवलेल्या धातूच्या कांड्या आणि वीज. वॉटर प्युरिफायर विकायला आलेला माणूस हा खेळ अजूनही करतो. नळाचं पाणी बघता बघता तपकिरी, गढूळ होतं, आरओचं तसंच राहतं आणि घरची मंडळी हादरतात. ती घाण पाण्यातली नसतेच. कांडी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं, गंज तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच असतात, म्हणून वीज जवळजवळ वाहत नाही. त्या 'शुद्ध' ग्लासात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा खेळ करायला सांगा. विक्रेता सामान आवरायला लागेल.

पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, म्हणजे टीडीएस, दाखवणारा पेनासारखा मीटर याच तत्त्वावर चालतो. तो क्षार मोजत नाही, पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्याला साधारण 0.5 ते 0.7 या गुणकाने गुणून आकडा दाखवतो. आरओच्या पाण्यात चमचाभर साखर विरघळवा, आकडा जवळपास हलणार नाही. साखरेच्या रेणूंवर विद्युतभार नसतो, त्यामुळे मीटरच्या लेखी ती नाहीच. फिश टँकसाठी आरओ-डीआय (आरओ आणि त्यातून निसटलेले क्षार पकडणारा पुढचा डबा, डीआय) बसवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं, कारण त्यांचा सगळा भरवसा या एका मीटरवर असतो.

मुळात एवढं कोरं पाणी कशाला? समुद्री टाकीतून पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. वरून नळाचं पाणी घालत राहिलात तर त्यातलं नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका सगळं साठत जातं. डिस्कस माशांची पैदास करणाऱ्यांना किंवा नाजूक जातीचे श्रिंप पाळणाऱ्यांना मृदू पाणी लागतं. (गोड्या पाण्याच्या टाकीत मात्र कोरं पाणी तसंच ओतायचं नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि थोडं बायकार्बोनेट परत घालावं लागतं.) स्वयंपाकघरातला आरओ या कामाला बऱ्याचदा निरुपयोगी असतो, कारण त्यातला 'टीडीएस कंट्रोलर' कच्चं पाणी पुन्हा त्यात मिसळतो.

मेंब्रेनची, म्हणजे आरओतल्या क्षार अडवणाऱ्या पडद्याची, तपासणी सोपी. मीटरवर आत जाणारं पाणी 400 आणि मेंब्रेनमधून आलेलं 12 असेल, तर 388 भाग अडवले, म्हणजे 97 टक्के. हा आकडा नव्वदच्या खाली उतरला की आधी पाण्याचा दाब बघा, मग मेंब्रेन बदला. मोजायच्या आधी पाच-दहा मिनिटं पाणी वाहू द्या. यंत्र बंद असताना मेंब्रेनच्या एका बाजूचे क्षार हळूहळू दुसऱ्या बाजूला झिरपतात, त्यामुळे सुरुवातीचं पाणी नेहमीच वाईट येतं. ते डीआयमध्ये जाऊ न देता सोडून द्यावं.

मेंब्रेनच्या आधी क्लोरिन पकडणारा कार्बन फिल्टर असतो, तो मीटरने तपासता येत नाही. त्यासाठी क्लोरिनची चाचणी लागते. गावात आरोग्यसेवक नळाच्या पाण्यात थेंब टाकून पिवळा रंग बघतात, ती ओटी टेस्ट इथे चालते. थेंब टाकायचे ते रिजेक्टच्या, म्हणजे मेंब्रेनने टाकून दिलेल्या पाण्याच्या, नळीतल्या पाण्यात, कारण ते पाणी कार्बनमधून गेलेलं असतं. रंग आला तर कार्बन संपला. पॉलिअमाइडची मेंब्रेन क्लोरिनने हळूहळू कुजते, आणि क्लोरिन तिच्यातून पार होऊन माशांच्या कल्ल्यांपर्यंतही जातं. पावसाळ्यात पालिका अनेकदा क्लोरिन वाढवते, कुणाचे मासे एका रात्रीत जातात, आणि घरात समजूत काढली जाते की घरावरचं संकट माशाने अंगावर घेतलं. वास्तुतज्ज्ञ नवा अरोवाना मासा आणायला सांगतो. दोनशे रुपयांचं कार्बन काडतूस कुणी बदलत नाही.

आता डीआय. इथे खरी गंमत आहे.

डीआयच्या डब्यात दोन जातींचे रेझिनचे मणी असतात. एक जात सोडियम, कॅल्शियमसारखे धन आयन (विद्युतभार असलेले कण) पकडून हायड्रोजन आयन सोडते. दुसरी सल्फेट, क्लोराइडसारखे ऋण आयन पकडून हायड्रॉक्साइड सोडते. सुटलेले दोघं एकत्र येऊन पाणीच होतं. पण दुसऱ्या जातीचे मणी सगळ्यांना सारखं घट्ट धरत नाहीत. सर्वांत घट्ट सल्फेट, मग नायट्रेट, क्लोराइड, बायकार्बोनेट आणि सर्वांत सैल सिलिकेट, म्हणजे पाण्यातली सिलिका.

रेल्वेचा रिझर्व्हेशनचा डबा डोळ्यांसमोर आणा. जनरल तिकीटवाला रिकामी सीट बघून बसतो. कन्फर्म तिकीटवाला आला की उठून पुढच्या सीटवर. तिथलाही आला की आणखी पुढे. शेवटी डबा भरतो आणि जनरलवाला दुसऱ्या टोकाच्या दारातून बाहेर पडतो. सिलिकेट हा तो जनरलवाला. डब्यात अजून क्लोराइडसाठी जागा असते, पण सिलिका बाहेर पडायला लागलेली असते. महिनोन्महिने साठलेली सिलिका अशी ढकलली जात असल्याने बाहेरच्या पाण्यातलं तिचं प्रमाण आत येणाऱ्यापेक्षाही जास्त होऊ शकतं.

आणि मीटर? शून्य. सिलिका पाण्यात सिलिसिक आम्ल म्हणून असते. ते इतकं दुबळं आहे की साधारण 9.8 सामूला (पीएचला) त्याचे निम्मे रेणू आयन होतात. सातच्या आसपास जवळपास सगळे भाररहित. वीज वाहून नेणारं कुणी नाही. तिच्यामागून बाहेर येणारं, बायकार्बोनेटचं कार्बोनिक आम्लही दुबळंच. मीटरवर 1 किंवा 2 दिसेपर्यंत डायटम नावाच्या शैवालांनी त्या सिलिकेची कवचं बांधून काचेवर तपकिरी थर चढवलेला असतो.

आपल्याकडे बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना हा त्रास जास्त. दख्खनचा बेसाल्ट झिजताना पाण्यात सिलिका सोडतो. मेंब्रेन बरीचशी अडवते, सगळी नाही. शिवाय भूजलात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वायू असतो. तो मेंब्रेनमधून सरळ पलीकडे जातो आणि रेझिनच्या सीटा बायकार्बोनेट बनून अडवतो. बोअरच्या पाण्याचा सामू मोजा, हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन लावून दिवसभर ठेवा, पुन्हा मोजा. बऱ्यापैकी वाढला तर वायू उडून गेला असं समजा. अशा घरी मेंब्रेनचं पाणी आधी पिंपात साठवून, रात्रभर हवा सोडून, मग पंपाने डीआयमधून काढलं की रेझिन बरंच जास्त टिकतं.

 

सिलिका अशी निसटण्यावर उपाय म्हणजे डीआयचे दोन डबे एकामागे एक लावायचे आणि मीटर दोघांच्या मध्ये बसवायचा. पहिल्यातून सुटलेली सिलिका दुसरा पकडतो. मधला आकडा शून्यावरून हलला की पहिल्यातली रेझिन टाकून द्यायची, दुसरा डबा पहिल्या जागी आणायचा आणि नवी रेझिन मागे भरायची. शंका असेल तर मॉलिब्डेटवर चालणारं सिलिकेचं टेस्ट किट मिळतं. त्यात पाणी निळं झालं तर मीटर काहीही म्हणो, रेझिन बदलायची वेळ झाली आहे.