आधी काय तुटावं, हे ठरवून बनवलेलं पॅलेट

भिवंडीतल्या मोठ्या गोदामांच्या मागच्या अंगाला मोडक्या प्लास्टिक पॅलेट्सची, म्हणजे माल रचून फोर्कलिफ्टने उचलायच्या चौकटींची, थप्पी हमखास सापडते. जवळ जाऊन पाहिलं तर त्यातली बरीचशी वरून धडधाकट असतात. एखाद्याचा कोपऱ्यातला पाय फुटलेला, एखाद्याची फोर्क (फोर्कलिफ्टचा पुढचा लोखंडी दाता) शिरतो त्या तोंडाची कड उडालेली, नाहीतर तळाचा आडवा रनर (पाय जोडणारी पट्टी) तडकलेला. माल पेलणारा वरचा डेक मात्र शाबूत. पण अख्खं पॅलेट एकाच साच्यातून एकसंध निघालेलं, त्यामुळे पायाबरोबर डेकही भंगारात जातो.

पॅलेट ओझ्यापेक्षा धक्क्याने जास्त मोडतं. चारेक टन वजनाचा रिकामा फोर्कलिफ्ट ताशी ५ किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीने, पुढे येत असला तरी त्याच्यात साधारण ३,९०० ज्यूल ऊर्जा असते. ५० किलोचं पोतं आठ मीटर उंचीवरून खाली टाकावं, तेवढी. ड्रायव्हरचा अंदाज चार बोटं चुकला की त्यातला बराचसा मार फोर्कच्या टोकाएवढ्या जागेत, पायाच्या पातळ भिंतीवर बसतो. बाहेर ट्रकांची रांग लागलेली असताना असे अंदाज चुकणारच. ड्रायव्हरला बोल लावून पॅलेट वाचत नाही.

लाकडी पॅलेटचं हे दुखणं सुताराने कधीच सोडवलंय. युरोपातल्या रेल्वे कंपन्यांनी १९६१ साली प्रमाणित केलेल्या पॅलेटमध्ये ११ फळ्या, ९ ठोकळे आणि ७८ खिळे असतात. फळी मोडली की उचकटायची, नवी ठोकायची. मग प्लास्टिक घ्यायचंच कशाला? एक कारण न्हावा शेवा बंदरात भेटतं. निर्यातीच्या मालाखालचं कच्चं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटं तापवावं लागतं किंवा त्याला धुरी द्यावी लागते, म्हणजे त्यातून कीड परदेशी जात नाही. तसा शिक्का लाकडावर लागतो. प्लास्टिकला ही भानगड नाही. शिवाय मुंबईच्या पावसाळ्यात ते पाणी पीत नाही, त्यावर बुरशी धरत नाही, आणि औषधांच्या गोदामात ते धुऊन वापरता येतं.

फुटलेला पाय चिकटवता आला असता तर प्रश्नच नव्हता. पण ही पॅलेट्स बनतात एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलीएथिलीन) किंवा पॉलीप्रॉपिलीन या प्लास्टिकपासून, आणि या दोघांना साधा गोंद धरत नाही. गोंदाच्या बाटल्याच याच प्लास्टिकच्या असतात, यावरून ओळखा. गरम हवेने वेल्डिंग होतं, पण जोड मूळ भिंतीइतका मजबूत क्वचितच होतो, आणि पुढचा धक्काही तिथेच बसतो.

म्हणून सुटे भाग. डेक वेगळा, नऊ पाय वेगळे, तीन रनर वेगळे, आणि सगळे खटक्याने एकमेकांत बसणारे. ऐकायला सोपं वाटतं. खरी मेख अशी की धक्का बसल्यावर आधी काय तुटावं, हे डिझायनरला आधीच ठरवावं लागतं. पाय फार दणकट केला तर तो स्वतः वाचतो आणि मार वर डेककडे पाठवतो. मग स्वस्त भाग वाचून महाग भाग फुटतो. पाय तुटावा, पण डेकमधली त्याची खाच तुटू नये, अशा हिशेबाने दोन्हींच्या भिंतींची जाडी ठरते. माझ्या मते सगळी कारागिरी इथेच आहे, बाकीचं साच्याचं काम.

खटका कसा चालतो बघा. पायातून एक लवचिक जीभ वर येते, टोकाला तिला आकडा असतो. आत ढकलताना जीभ वाकते, खाचेपाशी आली की टक्‌ करून सरळ होते आणि अडकते. वाकताना सगळा ताण जिभेच्या बुंध्याशी येतो. जाडी आणि वाकणं तेवढंच ठेवून जीभ दुप्पट लांब केली, तर हा ताण चौथाईवर येतो. म्हणून जीभ शक्य तितकी लांब हवी. पण पायाची उंचीच जेमतेम दहा सेंटिमीटर, त्यात ती मावायला हवी. आणि ती पुन्हा उघडताही यायला हवी, नाहीतर सुट्या भागांना अर्थ काय? त्यासाठी खालून एक भोक ठेवतात. त्यातून चपटी पट्टी घालून आकडा मागे ढकलायचा. हे भोक फोर्कच्या वाटेत नको, आणि पावसाळ्यातल्या चिखलाने बुजणारंही नको.

दुसरी डोकेदुखी मापांची. एचडीपीई साच्यात थंड होताना साधारण २ ते ३ टक्के आकसतं. १२०० मिलिमीटरच्या डेकमध्ये हे २४ ते ३६ मिलिमीटर झाले. साचा तेवढा मोठा करतात. पण एखाद्या दिवशी घाईने, कमी थंड करून माल काढला आणि आकसण्यात अर्ध्या टक्क्याचा फरक पडला, तर दोन टोकांमधलं अंतर ६ मिलिमीटरने हुकतं. मग तीन पाय जोडणारा लांब रनर बसणार कसा? यावर तोड अशी, की मधल्या पायाचं भोक घट्ट ठेवायचं आणि कडेच्या पायांची भोकं लांबट. उन्हाळ्यात पत्र्याखाली तापमान ३० अंशांनी वाढलं तर हाच डेक पाचेक मिलिमीटर लांबतो. डेक आणि रनर सारखे तापले नाहीत, तर तेव्हाही हीच लांबट भोकं कामी येतात.

रॅकवर चढवायच्या पॅलेटला मात्र वेगळा न्याय लावायला हवा. तिथे पॅलेट फक्त दोन कडांवर टेकलेलं असतं, आणि प्लास्टिक भाराखाली महिनोन्‌महिने हळूहळू झोळ धरतं. म्हणून आत लोखंडी दांडे घालतात. त्याच ३० अंशांत तो दांडा अर्धा मिलिमीटरही वाढत नाही, म्हणून त्याला एकाच टोकाला धरून दुसरं टोक मोकळं सोडावं लागतं. गोदामात हाताने दुरुस्त केलेलं पॅलेट डोक्यावर सहा मीटरवर ठेवायचं असेल, तर आधी त्याची चाचणी हवीच.

साच्याचा हिशेब मात्र सुट्या भागांच्या बाजूने जातो. एकसंध पॅलेट काढायला दोन-तीन हजार टनांनी साचा दाबून धरणारी अजस्र मशीन लागते. दीडशे मिलिमीटरचा चौकोनी पाय शंभर-सव्वाशे टनांच्या मशीनवर निघतो, आणि अशा मशीन वसईच्या छोट्या गाळ्यांतही असतात.

पाय, रनर आणि खटके एकाच प्लास्टिकचे ठेवायला हवेत. शेवटी भंगारात गेल्यावर एचडीपीई आणि पॉलीप्रॉपिलीन एकत्र वितळवले तर नीट मिसळत नाहीत, त्यातून निघणारा प्लास्टिकचा दाणा कमकुवत होतो. दोन्ही पाण्यावर तरंगतात, त्यामुळे धारावीतल्या पाण्याच्या टाकीतही ते वेगळे होत नाहीत. तिथे माणसाची नजरच लागते.

या सगळ्याचा फायदा कुणाला, हे पॅलेट कुठे जातं त्यावर ठरतं. न्हावा शेव्याहून कंटेनरमधून रॉटरडॅमला गेलेलं पॅलेट बहुधा परत येत नाही. त्याला बदलता येणारा पाय देणं म्हणजे पैसे पाण्यात. भिवंडीतून मुंबईतल्या दुकानांच्या साखळीला जाऊन संध्याकाळी रिकामं परतणाऱ्या पॅलेटचं तसं नाही. त्याचा मालक एकच असतो, फुटलेला पाय त्याच्याच आवारात परत येतो, आणि नव्या पायांचं पोतं कुठे ठेवायचं हेही त्यालाच ठरवता येतं.