प्रवासातला भात पुन्हा गरम केला की चालतो?

रात्रीच्या गाडीला निघताना डब्यात भात भरायचा, सकाळी उतरल्यावर कढईत खमंग परतायचा. उष्णतेने सगळं मरतं, असं आपल्याकडे वर्षानुवर्षं सांगतात. हे खरं नाही. मुलांना घेऊन निघणाऱ्यांनी तरी हे मनावर घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. भात शिजताना ते मरतीलच असं नाही. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष सोडतात. परतताना जिवाणू मरतील, पण उलट्या घडवणारं ते विष १०० अंशांवरही टिकतं. भाताला वास नाही, तार सुटलेली नाही, तरी खाल्ल्यावर १ ते ६ तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. म्हणून 'वास घेऊन बघ' हा सल्लाही इथे उपयोगाचा नाही. लिंबू पिळलेल्या भाताचाही भरवसा धरू नका.

शिजवलेला भात बाहेर २ तासांवर ठेवू नये. कडक उन्हाळ्यात तासाभरातच संपवावा.

लांबच्या प्रवासाला पाणी कमी असलेलंच न्यावं: गूळपोळी, बेसनाचे लाडू, चिवडा, सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी. ओल्या नारळाची चटणी घरीच संपवा. पोळ्या मात्र पूर्ण गार करून भरा. गरम भरल्या तर वाफेचं पाणी झाकणाला धरतं, पोळ्यांवर ठिबकतं आणि बुरशीला आयती ओल मिळते.