जुना फोन कॅम्पसच्या वायफायवर का अडतो?

बडोद्यातल्या मराठी घरांत फोन एकाच माणसाकडे संपत नाही. मामाने नवा घेतला की जुना भाचीकडे येतो, आणि ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेली की ग्रंथालयात नोट्स वाचायला तोच कामी येतो. घरच्या वायफायवर हा फोन लगेच जोडला जातो. कॅम्पसवर मात्र नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी 'ऑथेंटिकेशन एरर' दाखवून थांबतो. मुलं मग तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसतात. पासवर्ड बहुतेकदा ठीकच असतो. अडचण अशी असते की समोरचा सर्व्हर खरा आहे की नाही, हे त्या फोनला ठरवता येत नाही.

घरी सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड असतो आणि तो राउटरलाच माहीत असतो. कॅम्पसवर प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड वेगळा. ही व्यवस्था ८०२.१एक्स या प्रमाणावर चालते. बडोद्याच्या जुन्या शहराचा लहेरीपुरा दरवाजा रात्री बंद झाला आहे आणि आपण बाहेर उभे आहोत असं समजा. पहारेकऱ्याला दार उघडायचा अधिकार नाही. तो फक्त आपली बंद चिठ्ठी आत कचेरीत नेतो आणि तिथून आलेलं उत्तर आपल्याला देतो. छताला लावलेला वायफायचा डबा हा तो पहारेकरी, आणि आतली कचेरी म्हणजे नाव-पासवर्ड तपासणारा रेडियस सर्व्हर. कचेरीने होकार दिला की मगच दार उघडतं.

चिठ्ठी बंद राहावी म्हणून फोन आणि सर्व्हर यांच्यात आधी टीएलएसचा कूटबद्ध मार्ग तयार होतो. बँकेची वेबसाइट उघडताना वापरतात तेच हे तंत्र. त्यात सर्व्हर आपलं प्रमाणपत्र, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, दाखवतो, फोन ते तपासतो आणि मगच पासवर्डाची बोलणी सुरू होते. जुना फोन अडतो तो बहुधा या तपासणीपाशी.

सगळ्यात साधं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे फोनचं घड्याळ. प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. कपाटात पडून बॅटरी पूर्ण उतरली की काही फोनांची तारीख थेट १ जानेवारी १९७० ला जाते. भारतीय वेळेत तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले दिसतात. त्या फोनच्या लेखी आजचं प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नसतं, म्हणून तो ते नाकारतो. सिम असेल तर वेळ मोबाइल नेटवर्कवरून दुरुस्त होते. सिम नसेल तर वेळ मिळायला इंटरनेट हवं आणि इंटरनेट मिळायला बरोबर वेळ हवी, असा पेच पडतो. तो हातानेच सोडवावा लागतो: तारीख, वेळ आणि टाइम झोन नीट भरा, मगच वायफायला हात लावा.

दुसरं कारण विश्वासाच्या यादीचं. कोणत्या संस्थांची प्रमाणपत्रं मानायची, याची यादी फोन बनतानाच त्यात भरलेली असते. अपडेट थांबले की यादीही तिथेच थांबते. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचं नवं मूळ प्रमाणपत्र (बाकीची प्रमाणपत्रं ज्याच्या भरवशावर मानली जातात ते) अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांच्या यादीत नव्हतं, आणि त्यावरून २०२१ च्या आसपास बरीच ओढाताण झाली. उपाय असा की कॉलेजच्या संगणक विभागाकडून मूळ प्रमाणपत्राची फाइल घेऊन ती फोनमध्ये बसवायची. जुना अँड्रॉइड त्याआधी स्क्रीनला पिन किंवा पॅटर्न लावायला सांगतो. तो लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

इथे एक शॉर्टकट हमखास सुचवला जातो: सेटिंगमध्ये 'प्रमाणपत्र तपासू नका' निवडा, झालं काम. फोन जोडलाही जातो. तरीही हे करू नका, असं मी आग्रहाने सांगेन. वायफायचं नाव कोणीही काहीही ठेवू शकतं. कॅन्टीनमध्ये बसून एखाद्याने कॉलेजच्याच नावाचं नेटवर्क सुरू केलं, तर तपासणी बंद असलेला फोन त्यालाच खरं समजून बोलणी सुरू करतो. ही बोलणी बहुधा एमएस-चॅप-व्ही२ या पासवर्ड पडताळण्याच्या जुन्या पद्धतीने होते. मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन या सुरक्षा-संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं की ती फोडण्याचं काम डीईएस या जुन्या कूटपद्धतीच्या ५६ बिटांच्या एका किल्लीवर येऊन ठेपतं, आणि खास यंत्राला त्यासाठी एक दिवस पुरतो. त्याच पासवर्डावर विद्यार्थिनीचा ईमेल आणि परीक्षेचा फॉर्म उघडत असेल तर नुकसान वायफायपुरतं राहत नाही. अँड्रॉइड ११ पासून तपासणी टाळायचा हा पर्याय फोनांतून काढला जाऊ लागला, ते योग्यच झालं.

बाकीची कारणं थोडक्यात. काही जुन्या फोनांना ५ गिगाहर्ट्झचा पट्टा दिसतच नाही, त्यांना २.४ चाच लागतो. नेटवर्क फक्त डब्ल्यूपीए-३ या वायफाय सुरक्षेच्या नव्या प्रमाणावर ठेवलं असेल तर त्याआधीचा फोन जोडला जात नाही. ते प्रमाण २०१८ चं आहे. आणि एज्युरोमसारख्या, अनेक संस्थांत चालणाऱ्या नेटवर्कवर युजरनेम पूर्ण लिहावं लागतं, 'अॅट' आणि पुढच्या संस्थेच्या नावासकट, कारण विनंती कोणत्या सर्व्हरकडे पाठवायची हे त्यावरूनच ठरतं.

एक कारण मात्र सेटिंग बदलून सुटत नाही. टीएलएसच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या इंटरनेटची प्रमाणं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत काढल्या. सर्व्हर १.२ मागत असेल आणि फोनला ती येतच नसेल, तर बोलणी पहिल्याच वाक्याला तुटते. एका फोनसाठी सर्व्हर ढिला करा असं म्हणणं बरोबर नाही, कारण ती ढिलाई सगळ्यांच्या वाट्याला येते. त्यापेक्षा संगणक विभाग अशा फोनांसाठी वेगळं, मर्यादित नेटवर्क ठेवू शकतो: प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र पासवर्ड, फक्त इंटरनेटपुरती वाट, आतल्या सर्व्हरांना हात नाही. जुन्या फोनांचा मॅक अॅड्रेस, म्हणजे नेटवर्कला दिसणारा उपकरणाचा ओळख क्रमांक, नव्या फोनांसारखा बदलत नाही, त्यामुळे त्यांची नोंद ठेवणंही सोपं. कॉलेजात अशी सोय नसेल तर मुलांनी ती लेखी अर्ज करून मागावी, आणि अर्जात फोनचं मॉडेल व अँड्रॉइडची आवृत्ती जरूर लिहावी.